खिडकीपलीकडचे घर : गृहजीवनाचा एकांत आणि छायाचित्रकाराचे स्वातंत्र्य

जर्मनीचा माजी चॅन्सेलर ओटो फॉन बिस्मार्क ३० जुलै १८९८ रोजी रात्री हॅम्बुर्गजवळील फ्रीड्रिखस्रू येथे आपल्या घरी मरण पावला. त्यानंतर काही तासांतच, उजाडण्यापूर्वी, व्हिली विल्के आणि माक्स प्रीस्टर हे हॅम्बुर्गचे दोन छायाचित्रकार खिडकीवाटे मृताच्या शयनगृहात शिरले. घरातील खबर त्यांना बिस्मार्कच्याच पदरी असलेल्या एका वनरक्षकाने पुरवली होती. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून त्यांनी छायाचित्र घेतले आणि ते आल्या वाटेने निघून गेले. त्या चित्रात साम्राज्याचा शिल्पकार दिसत नाही. उशांच्या राशीत खचलेला, डोक्याभोवती फडके बांधलेला एक वृद्ध दिसतो. अंथरूण विस्कटलेले आहे आणि पलंगाशेजारी आजाऱ्याचे मूत्रपात्र तसेच राहिलेले आहे. विल्के-प्रीस्टर यांनी वृत्तपत्रांतून गिऱ्हाईक शोधण्यास आरंभ केला तेव्हा प्रकरण उघडकीस आले, काचा जप्त झाल्या, आणि पुढे दोघांनाही तुरुंगवास घडला.

शिक्षा झाली ती घरात घुसल्याबद्दल. चित्राचे काय करावे, हा प्रश्न त्याहून अवघड होता. स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा काही अधिकार असतो काय, याविषयी जर्मन विधिशास्त्रज्ञांत चर्चा चालू होती. ह्यूगो काइस्नर याचा 'स्वतःच्या प्रतिमेवरील अधिकार' या विषयावरील प्रबंध १८९६ मध्येच प्रसिद्ध झाला होता. परंतु कायद्यात तसा अधिकार लिहिलेला नव्हता. राइशच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर १८९९ रोजी दिलेल्या निर्णयात म्हणूनच दुसरी वाट धरली. ज्या कृत्याने हे चित्र हाती आले ते कृत्यच बेकायदा होते. अन्यायाने मिळवलेला लाभ कोणालाही आपल्याजवळ ठेवता येत नाही. सबब काचा नष्ट कराव्यात, असा त्या निर्णयाचा आशय. चोरीचा माल परत करावा, त्या न्यायाने हे चित्र परत घेतले गेले. ते खरोखर नष्ट मात्र झाले नाही. १९५२ मध्ये ते एका जर्मन सचित्र साप्ताहिकात छापून आले.

या निर्णयाने बिस्मार्कच्या मुलांना हवे ते मिळाले. पण त्यातील युक्तिवाद नीट पाहिला तर त्यात एक मोठे खिंडार आढळते. सारा भार खिडकीतून आत पडलेल्या पावलावर आहे. विल्के आणि प्रीस्टर आत शिरलेच नसते, समोरच्या एखाद्या घरातून त्यांनी तेच चित्र टिपले असते, तर? १८९८ साली हा प्रश्न काल्पनिक होता, कारण तशी भिंगे आणि तशा काचा सामान्य छायाचित्रकाराजवळ नव्हत्या. परंतु पुढील शतकभराचा वाद याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. घराचे रक्षण करणारा कायदा भिंतीचे रक्षण करतो, प्रतिमेचे रक्षण करणारा कायदा तिच्या बाजारातील व्यवहाराचे नियमन करतो, आणि खिडकीतून घेतलेले चित्र या दोहोंच्या मधोमध निसटून जाते. असे का घडले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या त्या कायद्याच्या जन्मप्रसंगात सापडते.

विल्के-प्रीस्टर यांच्या हातातील साधन त्या वेळी अवघे अकरा वर्षांचे होते. मॅग्नेशियम व ज्वलनास मदत करणारी द्रव्ये एकत्र करून क्षणात पेटणारी भुकटी १८८७ मध्ये आडोल्फ मीठे आणि योहानेस गेडिके या जर्मन संशोधकांनी सिद्ध केली. तिच्यामुळे अंधारी खोली प्रथमच छायाचित्रकाराच्या आटोक्यात आली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर गावी जॉर्ज ईस्टमन याने 'कोडॅक' हा हातात मावणारा कॅमेरा विक्रीस आणला. त्याची किंमत २५ डॉलर होती आणि आतील फितीवर १०० चित्रे घेता येत. फीत संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे पाठवावयाचा. बाकीचे काम कारखाना करी. तोपर्यंत छायाचित्र काढून घेणे म्हणजे चित्रशाळेत जाऊन निश्चल बसणे होते, अर्थात संमती त्या क्रियेतच अंतर्भूत होती. बसणाऱ्याच्या सहकार्यावाचून चित्र निघतच नसे. कोडॅकने हे सहकार्य अनावश्यक केले.

भाषेनेही या पालटाची नोंद ठेवली आहे. इंग्रजीतील 'स्नॅपशॉट' हा मूळचा शिकाऱ्यांचा शब्द; नेम न धरता झटकन झाडलेल्या गोळीस तो लावीत. जॉन हर्शेल याने १८६० मध्ये तो छायाचित्रणाला लावला. मराठीने हा शब्द घेतला नाही, परंतु 'टिपणे' हे क्रियापद या कामी योजताना ती नकळत त्याच रानात शिरली: पाखरू दाणा टिपते, शिकारी पाखरू टिपतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. 'कॅमेरा' या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कमानदार छताची खोली. न्यायालयाचे कामकाज 'इन कॅमेरा' चालते तेव्हा ते दाराआड चालते. बंद खोलीचे नाव धारण करणाऱ्या यंत्राने बंद खोलीच उघडी करावी, हा योगायोग शब्दार्थाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे.

या नव्या साधनांचा घरावरील पहिला प्रयोग श्रीमंतांच्या घरावर झाला नाही. न्यूयॉर्कमधील जेकब रीस हा डेन्मार्कहून आलेला पोलिस-वार्ताहर. मॅग्नेशियमच्या भुकटीची बातमी वाचताच तो काही सहकाऱ्यांसह रात्री-अपरात्री पूर्व भागातील चाळींत शिरू लागला. एका खोलीत दाटीवाटीने निजलेले मजूर, तळघरातील कुटुंबे, शिवणकामाला जुंपलेली पोरे त्याच्या प्रकाशझोतात आली. ती माणसे दचकून जागी होत तोवर चित्र निघालेले असे. एकदा पोटमाळ्यावर राहणाऱ्या आंधळ्यांचे चित्र घेताना भिंतीवरील कागदांनी पेट घेतला आणि तो त्याला एकट्यालाच विझवावा लागला. ही हकीकत त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदली आहे. त्याचा या चाळींवरील ग्रंथ १८९० च्या अखेरीस निघाला. न्यूयॉर्कचा १९०१ चा चाळविषयक कायदा घडवून आणणाऱ्या लोकमतात त्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. प्रत्येक खोलीला उजेड आणि हवा मिळावी असे त्या कायद्याने ठरविले. म्हणजे नव्या चाळींना खिडक्या मिळण्यास ही चित्रेही कारण झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि याच सुमारास, १५ डिसेंबर १८९० रोजी, 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांचा तो विख्यात लेख आला. क्षणचित्रे आणि वृत्तपत्री धंदा यांनी कौटुंबिक जीवनाच्या पवित्र हद्दीत पाऊल टाकले आहे, अशी त्यांची तक्रार होती. वॉरनच्या मुलीच्या विवाहाविषयी वृत्तपत्रांनी रकाने भरले म्हणून हा लेख जन्मला, अशी दंतकथा पुढे बराच काळ विधिग्रंथांत नांदली. वॉरनचा स्वतःचाच विवाह १८८३ मध्ये झाला होता, हे पाहता ती किती निराधार आहे ते वेगळे सांगणे नको. लेखकद्वयाने मुख्य आधार घेतला तो १८४९ च्या एका इंग्लिश खटल्याचा. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी घरच्या घरी, स्वतःच्या करमणुकीखातर काही कोरीव चित्रे तयार केली होती; त्यांच्या प्रती बाहेर फुटल्या तेव्हा त्यांच्या प्रदर्शनास व सूचीच्या प्रकाशनासही न्यायालयाने मनाई केली होती. मालमत्तेच्या भाषेत दिलेला हा निर्णय वस्तुतः व्यक्तीच्या अबाधित राहण्याच्या अधिकाराचा आहे, अशी त्यांनी उपपत्ती मांडली. ती उपपत्ती भेदक आहे यात शंका नाही. परंतु रीसचा ग्रंथ आणि हा लेख महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध व्हावेत, आणि पहिल्यातील निजलेल्या माणसांच्या एकांताचा विचार दुसऱ्यात कोठेही नसावा, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्याच्या घराला भिंतच धड नाही त्याला खासगी जीवन असते, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानी आलेले दिसत नाही. छायाचित्रकाराच्या स्वातंत्र्याची सर्वांत भक्कम साक्ष रीसच्या कामात आहे आणि त्या स्वातंत्र्यावरील सर्वांत अवघड आक्षेपही त्याच्याच कामात आहे. उत्तरकालीन लेखकांनी सोयीप्रमाणे यांपैकी एकच बाजू पाहिली.

वॉरन-ब्रँडाइस यांच्या उपपत्तीची परीक्षा न्यायालयात झाली ती घराच्या प्रश्नावर नव्हे, तर पिठाच्या जाहिरातीवर. कोडॅकच्याच रोचेस्टर गावातील एका तरुणीचे छायाचित्र एका पिठाच्या गिरणीने तिला न विचारता जाहिरातीत वापरले. त्याच्या सुमारे २५,००० प्रती दुकानांतून, गोदामांतून, गुत्त्यांतून लागल्या. चित्र चांगलेच होते, त्यात बदनामीकारक काही नव्हते. पण ओळखीचे लोक ओळखू लागले आणि ती तरुणी लाजेने आजारी पडली. 'रॉबर्सन' या नावाने प्रसिद्ध असलेला हा खटला १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे आला. चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने न्यायालयाने दावा फेटाळला. मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर यांचे म्हणणे असे की, असा अधिकार पूर्वीच्या कायद्यात आढळत नाही, आणि तो मान्य केल्यास दाव्यांचा पूर लोटेल. हवे तर विधिमंडळाने कायदा करावा. लोकमत इतके खवळले की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, विधिमंडळाने खरोखरच कायदा केला. हयात व्यक्तीचे नाव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीवाचून 'जाहिरातीसाठी अथवा व्यापाराच्या हेतूने' वापरणे हा गुन्हा ठरला आणि पीडिताला मनाई व भरपाई मागता येऊ लागली.

याचा एक उपसंहारही घडला. १९०४ मध्ये पार्कर हे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि छायाचित्रकार त्यांच्या घराभोवती घिरट्या घालू लागले. आपल्याला खिशात हात घालून मोकळेपणी उभे राहण्याचीही सोय उरली नाही, अशी त्यांनी जाहीर तक्रार केली. तेव्हा रोचेस्टरच्या त्या तरुणीने त्यांना वृत्तपत्रातून पत्र लिहून आठवण दिली की, असा अधिकार अस्तित्वात नाही हे आपल्याला खुद्द न्यायमूर्तींनीच सांगितले आहे.

१९०३ च्या कायद्याची शब्दयोजना येथे महत्त्वाची आहे. ज्या अन्यायाने तो जन्मला तो बाजारातील अन्याय होता. म्हणून कायद्याने चित्र कोठे घेतले, कसे घेतले, हे विचारलेच नाही. ते कोठे विकले एवढेच विचारले. पुढे न्यायालयांनी वृत्तस्वातंत्र्याची बूज राखण्यासाठी 'व्यापार' या शब्दाचा अर्थ उत्तरोत्तर आकुंचित केला. वृत्तपत्र विकले जाते म्हणून त्यातील चित्र व्यापारी ठरत नाही, असे ठरले, आणि ते योग्यच होते. त्याच न्यायाने कलाकृतीही वगळल्या गेल्या.

जर्मनीतील कायदा याच सुमारास दुसऱ्या टोकाकडून आला. बिस्मार्क प्रकरणाची चर्चा ताजी असतानाच ९ जानेवारी १९०७ रोजी दृश्यकला व छायाचित्रण यांतील स्वामित्वाचा कायदा झाला आणि त्यात माणसाच्या प्रतिमेचा अधिकार दाखल झाला. चित्रितेच्या संमतीवाचून तिची प्रतिमा प्रसृत करू नये वा जाहीर मांडू नये, असे त्याचे २२ वे कलम सांगते. मृत्यूनंतर दहा वर्षे ही संमती आप्तांकडून घ्यावी लागते. या दहा वर्षांमागे फ्रीड्रिखस्रूची ती रात्र उभी आहे, हे जाणकारास दिसतेच. पुढील कलमात अपवाद आहेत: समकालीन इतिहासाच्या क्षेत्रातील व्यक्ती, निसर्गदृश्यात ओघाने आलेली माणसे, सभा व मिरवणुका, आणि कलेच्या उच्चतर हितासाठी केलेली चित्रे. कायद्याने 'बिल्ड' म्हणजे कोणतेही चित्र हा शब्द न वापरता 'बिल्डनिस' म्हणजे ओळखू येणारी मानवी प्रतिमा हा शब्द वापरला आहे. रक्षण आहे ते व्यक्तीच्या ओळखू येणाऱ्या रूपाचे. तिच्या खोलीचे, पलंगाचे, मूत्रपात्राचे नव्हे. शिवाय निर्बंध आहे तो प्रसृत करण्यावर, घेण्यावर नव्हे. ज्या घटनेत घरात शिरून चित्र घेणे हाच अपराध होता, त्या घटनेतून निघालेल्या कायद्याने घेण्याविषयी मौन पाळावे, हे विचित्र वाटते. पण घरात शिरण्याची सोय दंडसंहितेने आधीच लावली आहे, असे कायदेकर्त्यांना वाटले असावे. भिंगाला शिरावे लागत नाही, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

दरम्यान छायाचित्रणाची एक नवी कला उदयास आली होती. १९२० च्या दशकात तीव्र प्रकाशग्राही भिंगाचे छोटे कॅमेरे निघाले आणि एरिख सालोमोन याने भुकटी न पेटवता, कोणास न कळविता, परिषदांतील मुत्सद्द्यांना टिपण्यास आरंभ केला. सालोमोन हा विधिशास्त्राचा डॉक्टर. १९२८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयातील खटल्याची चित्रे त्याने टोपीत कॅमेरा लपवून घेतली. अशा चित्रांना 'कँडिड' हे विशेषण लंडनच्या 'ग्राफिक' या सचित्र नियतकालिकाने रूढ केले, असे सांगतात. लॅटिन 'कांदिदुस' म्हणजे शुभ्र, त्यावरून निष्कपट, मनमोकळा. ज्या क्रियेत एक पक्ष लपलेला असतो तिला निष्कपट म्हणावे, ही अर्थच्छटा विचार करण्याजोगी आहे. निष्कपटपणा येथे चित्र घेणाऱ्याचा नसून ज्याचे चित्र घेतले जाते त्याचा आहे. आपल्याकडे कोणी पाहत नाही असे त्याला वाटते, म्हणून तो खरा असतो. या कलेचे सारे मोल त्या समजुतीत आहे. आणि माणूस त्या समजुतीत सर्वाधिक वेळ असतो तो आपल्या घरी. रस्त्यावर, सभेत, न्यायालयात माणूस थोडाफार सावध असतोच. म्हणून नकळत चित्रे टिपणाऱ्या कलावंताला घराचे आकर्षण वाटणे हे त्याच्या कलेच्या तर्कातूनच निघते. त्यामागे कुत्सित हेतू गृहीत धरण्याचे कारण नाही.

१८९८ चा काल्पनिक प्रश्न प्रत्यक्षात आला तो न्यूयॉर्कमध्ये, २०१२ साली. आर्नी स्वेन्सन या छायाचित्रकाराला पक्षिनिरीक्षक स्नेह्याकडून एक दूरदर्शी भिंग वारशाने मिळाले होते. ट्रायबेका भागातील आपल्या घरातून त्याने समोरच्या काचेरी इमारतीतील रहिवाशांची चित्रे वर्षभर घेतली. निजलेला माणूस, फरशी पुसणारी बाई, न्याहारीच्या मेजावरील हात असे हे विषय. बहुतेक चेहरे झाकलेले वा वळलेले आहेत, आणि रंग व प्रकाश जुन्या डच चित्रांची आठवण करून देतात. चित्रे सुंदर आहेत, हे विरोधकांनाही नाकारता येणार नाही. २०१३ मध्ये 'नेबर्स' या नावाने त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा त्यातील दोन चित्रांत एका दांपत्याला आपली लहान मुले ओळखू आली. त्यांनी दावा लावला. मुख्य आधार १९०३ चा कायदा. प्राथमिक न्यायालयाने २०१३ मध्ये आणि अपील न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी तो फेटाळला. चित्रे विकली गेली तरी ती कलाकृती आहेत. कलाकृती म्हणजे व्यापार नव्हे. आणि कलाकृतीला राज्यघटनेचे संरक्षण आहे. पदच्युत करावयाचे पाऊलच कोठे पडलेले नव्हते, कारण छायाचित्रकार आपल्या घरातून हललाच नव्हता. न्यायमूर्ती डायॅन रेनविक यांनी निकालपत्रात या घुसखोरीविषयी स्पष्ट अस्वस्थता नोंदवली आणि उपाय विधिमंडळाने करावा असे सुचवले. ११३ वर्षांपूर्वी पार्कर यांनी हेच सुचवले होते.

या निकालास निव्वळ कलास्वातंत्र्याचा विजय म्हणणे हा उतावळेपणा ठरेल. न्यायालयाने घराचा एकांत आणि कलेचे स्वातंत्र्य यांची समोरासमोर तुलना केली आणि दुसऱ्याचे पारडे जड ठरवले, असे झाले नाही. पहिल्याला तराजूत ठेवण्यास त्यांच्याजवळ वजनच नव्हते. रोचेस्टरच्या तरुणीचा अपमान दुकानाच्या भिंतीवर झाला होता म्हणून कायद्याला फक्त दुकान दिसत होते. तोच अपमान तिच्या खोलीच्या खिडकीतून झाला असता तर १९०३ चा कायदा निराळ्या शब्दांत लिहिला गेला असता, असे मानण्यास जागा आहे. कॅलिफोर्नियाचे उदाहरण या अनुमानाला पुष्टी देते. १९९७ मध्ये राजकुमारी डायानाचा पॅरिसमध्ये छायाचित्रकारांच्या पाठलागात अपघाती मृत्यू झाला आणि दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला. आत शिरल्यावाचून जे चित्र मिळाले नसते ते दूरदर्शी साधनाने बाहेरूनच घेतले असेल, आणि ते व्यक्तिगत वा कौटुंबिक व्यवहाराचे असेल, तर ती घुसखोरीच समजावी, असे त्याने ठरविले. भिंगाला पाऊल मानण्याची ही विधिकल्पना आहे. ती तेथे आली, कारण तेथील जन्मप्रसंगात भिंगेच होती.

जर्मनीने आपले खिंडार २००४ मध्ये बुजवले. दंडसंहितेत २०१ अ हे कलम घालून राहत्या घरात किंवा नजरेपासून विशेष संरक्षित जागेत असलेल्या व्यक्तीचे चित्र, तिच्या जीवनाच्या अत्यंत खासगी क्षेत्राला बाधा येईल अशा रीतीने, अनधिकृतपणे घेणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. काचा नष्ट करण्याच्या त्या निर्णयापासून येथवर यायला १०५ वर्षे लागली.

येथपर्यंतचे सारे कायदे चित्राचा माग काढत घरापर्यंत आले. नजरेपासून आरंभ करणारी विचारसरणी निराळी आहे आणि तिचे उत्तम उदाहरण हिंदुस्थानात मिळते. इंग्लंडच्या सर्वसामान्य कायद्यात शेजाऱ्याने नवी खिडकी काढून आपल्या घरात डोकावण्याविरुद्ध दाद नव्हती. आपल्या जागेत आपण भिंत उभी करावी, एवढाच उपाय. परंतु गुजरातेत नव्या खिडकीने शेजारच्या घराचा एकांत भंगू नये अशी रूढी असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने १८६० च्या दशकातच मान्य केले होते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने रूढीने मिळणाऱ्या अधिकारांच्या १८ व्या कलमाखाली हेच उदाहरण घातले: ज्या गावी अशी रूढी आहे तेथे, सामान्यतः परक्या नजरेपासून दूर ठेवल्या जाणाऱ्या घराच्या भागावर दृष्टी पडेल अशी नवी खिडकी शेजाऱ्याने काढू नये. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये, म्हणजे कोडॅकच्याच वर्षी, गोकळ प्रसाद खटल्यात पडदानशीन स्त्रियांच्या वावराच्या जागेपुरता हा अधिकार वायव्य प्रांतांत असल्याचा निर्णय दिला. येथे अपराध नजरेचा आहे. चित्र निघो वा न निघो, कोणी प्रत्यक्ष पाहो वा न पाहो, पाहता येईल अशी खिडकीच अन्याय्य ठरते. अर्थात या अधिकाराचा पाया पडद्याची चाल हा होता. तो स्त्रियांचा म्हणून सांगितला गेला असला तरी घराण्याच्या अब्रूचा अधिकार होता, आणि जेथे रूढी सिद्ध होईना तेथे तो नव्हताच. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि घरातील साधा वावर, उठणे-बसणे, स्वयंपाक, केस विंचरणे, हा मुळातच रक्षणीय मानणारी विचारसरणी तीच होती.

मराठीतील शब्दव्यवहार येथे उद्बोधक आहे. 'खासगी' हा शब्द अरबी 'खास' वरून आला; धन्याचे स्वतःचे ते खासगी, सरकारी नव्हे ते. होळकरांच्या खासगीचा उल्लेख इतिहासाच्या वाचकास परिचित आहे. 'खानगी' मात्र फारसी 'खाना' म्हणजे घर यावरून. मालकीचा शब्द आणि घराचा शब्द असे हे दोन निरनिराळे शब्द मराठीत इतके मिसळले की 'खाजगी' या रूपात कोणता किती उरला हे सांगणे कठीण. युरोपातील न्यायालयांनी मालमत्तेच्या आधारे एकांताचे रक्षण करताना जी ओढाताण केली, ती मराठी बोलणाऱ्याने या एका शब्दात केव्हाच मिटवून टाकली होती.

स्वतंत्र भारतातील विचार राज्यसत्तेच्या अंगाने पुढे गेला. खडक सिंग खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण एकांताचा मूलभूत अधिकार मान्य केला नाही. तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात मान्य केला. छायाचित्रापुरती तरतूद त्याआधीच आली होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील २००८ च्या दुरुस्तीने घातलेले ६६ ई हे कलम आणि दंडसंहितेत २०१३ मध्ये आलेले ३५४ सी हे कलम, म्हणजे आजच्या भारतीय न्याय संहितेतील ७७ वे, ही ती तरतूद होय. पहिले देहाच्या गुप्त भागाच्या चित्राविषयी आहे, दुसरे खासगी कृतीत असलेल्या स्त्रीकडे पाहण्याविषयी व तिचे चित्र घेण्याविषयी. दोन्ही आवश्यकच आहेत. परंतु दोहोंचा भर देहावर आहे. न्याहारी करणाऱ्या किंवा मुलाला मांडीवर निजवणाऱ्या माणसाला त्यांच्यात स्थान नाही. आणि स्वेन्सनची चित्रे नेमकी त्याच प्रसंगांची आहेत. १८८२ च्या उदाहरणातील 'परक्या नजरेपासून दूर ठेवला जाणारा घराचा भाग' आकुंचन पावत अखेर 'देहाचा भाग' झाला, असे हे स्थित्यंतर आहे.

नजरेचा प्रश्न इंग्लंडमध्ये पुन्हा उभा राहिला तो एका कलासंस्थेमुळेच. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने २०१६ मध्ये नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर प्रेक्षकांसाठी सज्जा खुला केला. वर्षाला पाच लाखांहून अधिक लोक तेथे येत आणि त्यांतील अनेकजण समोरच्या काचेच्या भिंतींच्या सदनिकांत डोकावत, छायाचित्रे घेत. तुम्हीच काचेची घरे घेतलीत, पडदे लावा, असे प्राथमिक न्यायालयाने रहिवाशांना २०१९ मध्ये सांगितले. अपील न्यायालयाने तर नुसते पाहणे हा कायद्याने उपद्रव होऊच शकत नाही, असे २०२० मध्ये ठरविले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा निर्णय फिरविला. लॉर्ड लेगट यांच्या निकालपत्रानुसार शेजाऱ्याची सहज पडणारी नजर सोसावीच लागते. परंतु दिवसभर, आठवडाभर, हजारो लोकांना पाहण्यासाठी व टिपण्यासाठी मांडून ठेवणे हा जमिनीचा सामान्य उपयोग नव्हे. प्राणिसंग्रहालयातील पिंजऱ्याची उपमा त्यांनी दिली आहे. उपद्रव ठरला तो सज्जा चालविण्याच्या रीतीचा. सज्जावर उभे राहून चित्र घेणाऱ्या एकेका प्रेक्षकाविषयी त्या निकालात काहीही आदेश नाही, आणि उपाययोजनेसाठी खटला खालच्या न्यायालयाकडे परत गेला.

न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने रेनविक यांच्या सूचनेनंतर आपल्या नागरी हक्कांच्या कायद्यात भरी घातल्या. २०१९ ची भर देहाच्या अंतरंग चित्रांच्या प्रसारासंबंधी आहे, २०२० ची मृत कलावंतांच्या प्रतिमांसंबंधी. समोरच्या खिडकीतून टिपलेल्या घराविषयी त्या दोहोंत एकही शब्द नाही.